इंग्रजी साहित्याची बहुपर्यायी परीक्षा: सनावळ्या डोक्यात राहत नाहीत

वाचनखूण:
नमस्कार. इंग्रजी साहित्याच्या बहुपर्यायी परीक्षेची तयारी करतेय. एम.ए. झालंय. मोठं उत्तर लिहायला कधीच अडचण आली नाही. मिल्टनच्या सैतानावर सांगाल तितकी पानं लिहीन. पण इथे विचारतात, या चार नाटककारांचा कालक्रम लावा, ही संज्ञा कोणत्या निबंधातली. गाईडमधले सन पाठ केले की चार दिवसांत सगळे एकमेकांत मिसळतात. सर्वांत जास्त गोंधळ क्रिटिसिझममध्ये, म्हणजे साहित्यसमीक्षेत. चॉसरपासून आजपर्यंतचं सगळं वाचणं तर शक्य नाही. काय धरू आणि काय सोडू?

धूळपाटी:
आधी जुने पेपर सोडवा, मग गाईड उघडा. कशावर भर असतो ते त्यातूनच कळतं.

समास:
वाचनखूण, मी बरीच वर्षं या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुटा सन पाठ करूच नका, त्यामागची घटना धरा. १६४२ मध्ये इंग्लंडमध्ये यादवी सुरू झाली आणि पार्लमेंटने नाटकगृहं बंद केली. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि ती पुन्हा उघडली. आता शेरिडन, मार्लो, काँग्रीव्ह, वेबस्टर असा क्रम लावायला आला, तर मार्लो आणि वेबस्टर बंदीच्या आधीचे, उरलेले दोघे नंतरचे. एवढ्यावरच बहुतेक चुकीचे ऑप्शन गळतात. मग मार्लो एलिझाबेथच्या काळातला, वेबस्टरची गाजलेली नाटकं तिच्यानंतरच्या राजा जेम्सच्या काळातली. काँग्रीव्हचं 'द वे ऑफ द वर्ल्ड' १७०० चं, शेरिडनचं 'द स्कूल फॉर स्कँडल' १७७७ चं.

क्रिटिसिझम माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय. तो व्याख्यांची यादी म्हणून वाचला की हमखास विसरतो. कोण कुणाला उत्तर देतोय ते बघा. गॉसनने १५७९ मध्ये कवी आणि नाटकवाल्यांवर टीका केली आणि ते पुस्तक सिडनीलाच अर्पण केलं. सिडनीचा कवितेची बाजू मांडणारा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १५९५ मध्ये, दोन वेगवेगळ्या प्रकाशकांनी दोन नावांनी छापला. म्हणून 'अपॉलॉजी' आणि 'डिफेन्स' पाहून दोन पुस्तकं समजू नका. पुढे पीकॉकने १८२० मध्ये कवितेचे दिवस संपले असं लिहिलं, त्यावर शेलीने १८२१ मध्ये 'डिफेन्स' लिहिला, पण तो छापून आला १८४० मध्ये. 'लिहिलं' विचारलंय की 'प्रसिद्ध झालं', हे प्रश्नात दोनदा वाचा.

वर्ड्सवर्थ आणि कोलरिजच्या 'लिरिकल बॅलड्स' या कवितासंग्रहाचंही तसंच. १७९८ च्या पहिल्या आवृत्तीवर कवींची नावं नव्हती आणि वर्ड्सवर्थची ती गाजलेली प्रस्तावनाही नव्हती. ती १८०० च्या आवृत्तीत आली. कोलरिजने 'बायोग्राफिया लिटरारिया'मध्ये, म्हणजे १८१७ मध्ये, त्यातल्या काव्यभाषेच्या मताशी वाद घातला.

टी. एस. एलियटच्या समीक्षेतल्या संज्ञांसाठी त्याची तक्रार लक्षात ठेवा. हॅम्लेटची भावना समोरच्या घटनांना पुरून उरते, ती कशात मांडायची तेच नाटकाला सापडत नाही, ही तक्रार. म्हणून 'ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह', म्हणजे भावना ज्यातून उभी राहते त्या वस्तू-घटना, ही संज्ञा १९१९ च्या हॅम्लेटवरच्या निबंधात. दुसरी तक्रार अशी की कवी डनच्या काळात कवितेत विचार आणि भावना एकत्र होत्या, पुढे फारकत झाली. म्हणून 'डिसोसिएशन ऑफ सेन्सिबिलिटी' १९२१ च्या 'मेटाफिजिकल पोएट्स'मध्ये.

वाचनखूण:
ताई, खूप आभार! सिडनीची दोन नावं मी खरंच वहीत दोन पुस्तकं म्हणून लिहिली होती. कादंबऱ्यांचं कसं करू?

धूळपाटी:
निदान पहिली प्रकरणं मूळातून वाचा आणि गोष्ट कोण सांगतंय ते टिपा. 'वदरिंग हाइट्स'मध्ये लॉकवुड आणि नेली डीन, 'फ्रँकेन्स्टाइन'ची सुरुवात वॉल्टनच्या पत्रांनी, 'हार्ट ऑफ डार्कनेस'मध्ये मार्लो (हे पात्र, वरचा नाटककार नव्हे) बोलतो पण त्याचं बोलणं आपल्याला सांगणारा निनावी माणूस वेगळाच. सारांशाच्या पुस्तकांत हे एका ओळीत उरकलेलं असतं.

वाचनखूण:
आणि विधान-कारण, म्हणजे एक विधान आणि एक कारण देऊन त्यांचा संबंध विचारतात ते प्रश्न? दोन्ही वाक्यं खरी वाटली की मी अडते.

समास:
दोन्ही खरी असली तरी दोघांमध्ये 'कारण' हा शब्द घालून वाचा. विधान: वर्ड्सवर्थचं 'द प्रेल्यूड' १८५० मध्ये प्रसिद्ध झालं. कारण: त्याच वर्षी टेनिसन पोएट लॉरिएट, म्हणजे राजकवी, झाला. दोन्ही बरोबर, पण टेनिसनच्या नेमणुकीमुळे काही 'प्रेल्यूड' छापलं गेलं नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये वर्ड्सवर्थ वारला. हयातीत त्याने ती कविता प्रसिद्ध केली नव्हती, आणि लॉरिएटपदही त्याच्याकडेच होतं, म्हणजे दोन्ही गोष्टी त्याच्या मृत्यूनंतर झाल्या, एकीमुळे दुसरी नाही. म्हणून उत्तर: दोन्ही खरी, पण कारण हे विधानाचं स्पष्टीकरण नाही.