‘कोझी’ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेल्हाळ: इंग्रजीतून अनुवाद करताना ‘कोझी’ (cosy) अडलाय. लहानशी खोली, पेटलेली शेगडी, खुर्च्या जवळ ओढून बसलेल्या दोघी. ‘उबदार खोली’ लिहिलं तर नुसतं तापमान कळतं. पुढे तोच शब्द मंत्री आणि कंत्राटदाराच्या संबंधांना लावलाय.

घनगर्द: तिथे सरळ ‘साटंलोटं’. ‘उबदार संबंध’ म्हटलंत तर चांगली मैत्री वाटेल, अर्थच उलटा. क्रियापद म्हणून आला तर ‘सलगी करणं’ किंवा ‘गोंडा घोळणं’. खोलीसाठी ‘निवांत’ घ्या.

आडवाट: निवांत नको. माणूस मोकळ्या मैदानातही निवांत बसतो. कोझीला जागा आटोपशीरच लागते, आणि बहुधा बाहेर थंडी किंवा पाऊस. ‘ऐसपैस’ त्याच्या अगदी विरुद्ध. घरांच्या इंग्रजी जाहिरातींत लहान खोलीला ‘कोझी’ म्हणतात ते म्हणूनच. इंग्रजीतला ‘स्नग’ (snug) आणखी वेगळा, त्यात अंगाला किंवा खाचेत नेमकं बसणं आहे.

घनगर्द: पण ‘निवांत’ आला असणार ‘निवात’वरून, म्हणजे वारा न लागणारी जागा. गीतेतला (६.१९) न हलणारा दिवा ‘निवातस्थ’ आहे. कोझीचा गाभा हाच!

आडवाट: असेल, पण आजच्या वाचकाला निवांत म्हणजे घाई नसलेला, एवढंच कळतं. विशेषणाचा हट्ट सोडा. ‘खोलीत एकदा बसलं की उठवत नसे’ असं क्रियापदावर न्या, ऊब शेगडीकडे राहू द्या.

बोरूबहाद्दर: कोझीच ठेवा की. चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालतात त्या टीकोझीला कुठे प्रतिशब्द शोधला आपण? इंग्रजीतही ‘कोझी’ १८व्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या बोलीतून आलाय.

काना-मात्रा: ठेवाल, पण वाचणार कसा? ‘माझा’तला झ दंत्य, ‘माझी’तला तालव्य. मराठीत पुढे ई आली की झ तालव्य होतो. ‘कोझी’ हा ‘माझी’च्या चालीवर वाचला जाणार, आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मराठीत नाही.

बोरूबहाद्दर: ‘मॅगझीन’ वाचताना कोण अडखळतं? कानावर शब्द असला की डोळे सांभाळून घेतात.

शब्दवेल्हाळ: तूर्त ‘ऊबदार, आटोपशीर खोली’ केलंय.

काना-मात्रा: ‘उबदार’, ह्रस्व. पीळ, पण पिळदार. तसंच ऊब, पण उबदार. ‘दार’ लागलं की ऊ उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरात) राहत नाही.

घनगर्द: दीर्घही सर्रास लिहिलं जातं. इतक्या लोकांनी लिहिलेलं चूक कसं?

काना-मात्रा: मग ‘पीळदार’ही चालवणार का?