प्रति: टेक्सासमध्ये न्यायाधीश व्हायला वकील असावंच लागत नाही?

टेक्सासमध्ये न्यायाधीश व्हायला वकील असावंच लागत नाही, असं तुम्ही म्हणालात, पण तसं नाही, दोन पदांची गल्लत होतेय. 'काउंटी जज' हा मुख्यतः काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, कारभार बघतो. त्याला राज्याच्या कायद्याची चांगली माहिती असावी, एवढीच टेक्सासच्या घटनेची अट. वकिलीची सनद लागत नाही. डिस्ट्रिक्ट जजला, म्हणजे मोठे खटले चालवणाऱ्या न्यायाधीशाला, मात्र लागते. शिवाय पूर्वी ४ वर्षांचा अनुभव पुरायचा, २०२१च्या घटनादुरुस्तीने तो ८ वर्षांवर नेला. फार चांगलं केलं.

आमच्या फोर्ट बेंड काउंटीतले सुरेंद्रन पट्टेल बघा. केरळातल्या कासरगोडचे. लहानपणी बिड्या वळल्या, मग केरळात आणि दिल्लीत वकिली केली, ह्यूस्टनला पुन्हा कायदा शिकले आणि २०२२मध्ये २४०व्या डिस्ट्रिक्ट कोर्टावर निवडून आले. प्रचारात त्यांच्या उच्चारांवरून बोललं गेलं, त्याचा मला आजही राग येतो. अहो, उच्चार बघायचे की कोर्टातला अनुभव?

आमच्याकडे न्यायाधीश मतदारच निवडतात, पण मतपत्रिकेवर त्यांची नावं पार खाली असतात आणि नावापुढे फक्त पक्ष. तिथवर जाईतो लोक कंटाळतात. मी आधी घरी कागदावर प्रत्येकाची वकिलीची वर्षं आणि उभं राहण्याचं कारण लिहून काढते, तोच कागद घेऊन मतदानाला जाते. मोबाइल आत वापरू देत नाहीत, कागद चालतो.