ढोलाच्या सरावानंतर पोटाला पेटके, काय करू?

टिपरूवाली:
संध्याकाळी नदीपात्रात तीन तास सराव असतो. वाजवताना काही होत नाही. घरी येऊन बूट काढायला वाकले, की उजव्या बरगडीखाली स्नायू असा आवळतो की हाताला लिंबाएवढी कडक गाठ लागते. धड वाकता येत नाही, धड उभं राहता येत नाही. मिनिटभराने सुटतं, पण ती जागा दुसऱ्या दिवशीही ठणकते. काल तर नुसती हसले तरी आला. उलटी-जुलाब नाहीत, पाळी नाही. आई म्हणते गॅस आहे. ओवा चावून झाला, बेंबीला हिंग लावून झाला. गॅस असेल तर तो सरावाच्या दिवशीच बरा धरतो! वय ३४, कुठल्याही गोळ्या चालू नाहीत. ढोल सोड म्हणणार असाल तर उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

पर्वतीकर आजोबा:
मला बीपीची लघवी जास्त करवणारी गोळी चालू झाल्यावर पोटऱ्यांत असे वांब यायचे. डॉक्टरांनी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून गोळी बदलली. तुला गोळ्या नाहीत म्हणतेस, तरी क्षार तपासून घे. आणि केळी खा, असं सगळे सांगतील. खा, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस.

फिजिओ_ताई:
ढोल पुढे ओढतो म्हणून आपण कमरेतून मागे रेलतो आणि पोट सतत ताणलेलं राहतं. दमलेला स्नायू वाकल्यावर एकदम आखडतो, तिथेच पेटका धरतो. म्हणून घरी गेल्यावर वाकू नका, स्टुलावर बसून पाय वर घेऊन बूट काढा. पेटका आलाच तर पोट धरून गोळा होऊन बसायचं नाही. दोन्ही हात डोक्यावर नेऊन हळूहळू मागे रेला, किंवा पालथं झोपून कोपरांवर छाती उचला. सुटल्यावर गरम पाण्याची पिशवी.

घरी एक बघा. उताणं झोपून दुखरी जागा बोटाने दाबा आणि डोकं-खांदे उचला. दुखणं वाढलं तर बहुधा पोटाच्या भिंतीतलं, कमी झालं तर आतलं असू शकतं. अंदाजापुरतंच हं. सरावात पाणी किती पिता?

टिपरूवाली:
डोकं उचललं की वाढतं. आणि पाणी? चारनंतर घोटभरही नाही. तिथे बायकांनी जायचं कुठे? मुलगे आडोशाला जाऊन येतात. आम्ही घामाने निथळतो आणि ओठ सुकवून वाजवतो.

ताशावाली_नगरची:
अगदी! आमच्या पथकात मुलींनी मिळून प्रमुखांना धरलं. आता जवळच्या एका कार्यालयाशी बोलून ठेवलंय, मधल्या सुट्टीत मुली तिथे जाऊन येतात. वर्गणीतून महिन्याचे पैसे देतो. ढोलांची पानं (वाजवायचे पडदे) बदलायला पैसे निघतात, मग याला का नाही? हे झाल्यापासून मी ओआरएसची बाटली उघडपणे नेते. त्या आधी घाबरत घोट घ्यायचे.

फिजिओ_ताई:
मग निम्मं उत्तर मिळालं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. घरचं करायचं तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सरावाच्या दोन तास आधी पोटभर पाणी, मग मध्ये घोट-घोट.

आता डॉक्टरांकडे कधी जायचं. खोकताना फुगणारी गाठ (हर्निया असू शकतो). बेंबीजवळ सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकणारं दुखणं, सोबत ताप-उलटी. तळलेलं खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली येणारी कळ, कारण तिथे पित्ताशय असतं. आणि जबर मेहनतीनंतर कोऱ्या चहासारखी लघवी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना.

टिपरूवाली:
यातलं काही नाही. कार्यालयाचं आजच ग्रुपवर टाकते. अजून एक, ढोलाचा पट्टा बेंबीवर बांधू की खाली?

फिजिओ_ताई:
खाली, कमरेच्या हाडांवर. बांधल्यावर पोटभर श्वास घेता आला पाहिजे. येत नसेल तर एक वेढा सैल करा.