मदत हवी आहे: चहा सोडू की धडधड सोसू?

मंडळी, नमस्कार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपचे हिशेब बघतो, वय ३८. अँग्झायटीची गोळी दोन वर्षं चालू आहे. बरं चाललं होतं, पण मार्चअखेरीला पुन्हा उचल खाल्ली. दुपारी साडेचारला व्हाउचर लावता लावता हाताला कापरं, छातीत धडधड, तळव्यांना घाम. वाटलं, संपलं. तसाच रिक्षाने दवाखान्यात गेलो. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला चहा किती?" म्हटलं, तीन-चार.

घरी येऊन मोजले तर आठ निघाले! घरात दोन, दुकान उघडल्यावर एक, पार्टी आली की एक, पार्टी गेली की सुटलो म्हणून एक... त्या दिवशी तर चार वाजेपर्यंतच सात झाले होते.

डॉक्टर म्हणाले, कॅफिनची धडधड आणि भीतीची धडधड अंगाला सारखीच जाणवते. छाती उडायला लागली की मन कारण शोधत सुटतं, आणि आमचं मन नेमकं वाईटच शोधतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा चालतं, पण तो आकडा सगळ्यांना लागू नाही. अर्धं कॅफिन अंगातून उतरायलाच साधारण पाच तास जातात, काहींना जास्त. भाऊ रात्री कॉफी पिऊन घोरतो. मी सहाचा चहा घेतला तर एक वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडलेला.

मग तिरमिरीत चहा एकदम बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं असं ठणकलं की बिलं दिसेनात. तिसऱ्या दिवशी माझी चिडचिड बघून बायकोनेच कप पुढे केला.

कुणी हळूहळू कमी केलाय का? आणि नको कसं म्हणायचं? इथं नको म्हटलं की "राग आला व्हय आमचा? अर्धा तर घ्या की ओ!"

प्रतिसाद १
मी यातून गेलेय. एकदम तोडू नका. ते डोकं ठणकणं कॅफिन सुटल्याचंच: १२ ते २४ तासांत सुरू होतं, दोन ते नऊ दिवस राहू शकतं. मी दर चार दिवसांनी एक कप कमी केला, आधी संध्याकाळचा. ग्रीन टीवर जाऊन फसू नका, त्यातही कॅफिन असतं. कोल्ड्रिंक आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही असतं, स्ट्रिप वाचा. तुमची गोळी कुठली? फ्लुवोक्सामिन असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्याने कॅफिन अंगात बराच जास्त वेळ टिकतं. मनाने गोळी मात्र बदलू नका.

प्रतिसाद २
भावा, नको म्हणू नको. "पित्त झालंय" म्हण. पित्ताला कोल्हापुरात कोण नडत नाही. आणि संध्याकाळी मित्रांना चहाच्या टपरीवर नको, गंगावेशीत दूध कट्ट्यावर बोलव. समोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देतात.

धागाकर्ता
गोळी ती नाही, स्ट्रिप बघितली. आज पाच कप. पित्ताचं मात्र उलटं झालं: शेजारच्या लेथवाल्याने पित्तावर उपाय म्हणून आल्याचा चहा पाठवलाय. टेबलावर निवतोय.