भगवंतराव मंडलोई : जानेवारी १९५७ चे मुख्यमंत्री फलकावर कसे लिहावेत?

रामबागकर

मंडळी, १ नोव्हेंबरला मध्य प्रदेश स्थापना दिवस. त्यानिमित्त इंदूरच्या आमच्या वाचनालयात राज्याच्या मुख्यमंत्र्यांची फलकमाला लावतोय. प्रत्येकी तीन बाय दोन फुटांचा फलक, मजकूर शंभरएक शब्दांचा. बहुतेक फलक तयार आहेत, गाडी अडली आहे ती खंडव्याच्या भगवंतराव मंडलोईंपाशी. त्यांची पहिली कारकीर्द काही याद्यांमध्ये १ जानेवारी १९५७ पासून धरलीय, काहींमध्ये ९ जानेवारीपासून. शेवट सगळीकडे ३० जानेवारी. हिंदी पुस्तकांत ‘कार्यवाहक’ आहे म्हणून आम्ही ‘काळजीवाहू’ लिहिलं. आता एका सभासदांचं म्हणणं असं, की काळजीवाहू होते तर क्रमांक द्यायचाच कशाला? पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल, त्यांच्यानंतर सरळ कैलासनाथ काटजूंना दुसरा क्रमांक द्या. हे धरून चालावं का? आणि १९६२ साली ते परत मुख्यमंत्री झाले, त्यासाठी वेगळा फलक हवा का?

कलम१६४

नाही, क्रमांक काढू नका. मंडलोई दुसरे मुख्यमंत्री, काटजू तिसरे.

सगळा घोळ ‘काळजीवाहू’ या शब्दाने केलाय. आपण मराठीत काळजीवाहू म्हणतो ते राजीनामा दिलेल्या मुख्यमंत्र्याला. राज्यपाल राजीनामा स्वीकारतात आणि पर्यायी व्यवस्था होईपर्यंत काम पाहा म्हणून सांगतात. त्यात नवी शपथ नसते, कारकीर्दही जुनीच पुढे चालू राहते. मंडलोईंची गोष्ट निराळी. ३१ डिसेंबर १९५६ ला शुक्लांचं दिल्लीत निधन झालं. मुख्यमंत्री गेला की त्याचं मंत्रिमंडळही उरत नाही, कारण बाकीचे मंत्री त्याच्याच सल्ल्याने नेमलेले असतात. मग राज्यपालांना अनुच्छेद १६४ खाली नवा मुख्यमंत्री नेमावा लागतो, त्याला पदाची आणि गोपनीयतेची शपथ द्यावी लागते आणि त्याच्या सल्ल्याने मंत्र्यांनाही नव्याने. राज्यपाल तेव्हा पट्टाभि सीतारामय्या होते. घटनेत अर्धा मुख्यमंत्री असा प्रकारच नाही. फाइलवर सही करायचा जो अधिकार शुक्लांना होता, तोच मंडलोईंना होता.

शिवाय तेव्हा विधानसभा बरखास्तही झालेली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं राज्य झालं, १७ डिसेंबरला भोपाळच्या मिंटो हॉलमध्ये एकत्रित सभागृह पहिल्यांदा बसलं आणि ते विसर्जित झालं ५ मार्च १९५७ ला. म्हणजे मंडलोई सभागृहाला जबाबदार असलेले मुख्यमंत्री होते. फलकावर ‘हंगामी’ लिहा. नेता निवडून होईपर्यंतची नेमणूक, एवढाच अर्थ त्यातून निघतो आणि तो बरोबर आहे. याच धर्तीवर केंद्रात १९६४ आणि १९६६ साली गुलझारीलाल नंदांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती. महाराष्ट्रात मारोतराव कन्नमवार गेल्यावर २५ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९६३ बाळासाहेब तथा पी. के. सावंत होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला नाव आहे तेच सावंत. त्यांना महाराष्ट्राच्या यादीतून कोणी वगळत नाही, मग आपण मंडलोईंना का वगळायचं?

जुनी_कात्रणं

तारखेचं सांगतो. तूर्त १ जानेवारी धरा. शुक्ल ३१ डिसेंबरला गेले, त्यानंतर आठ दिवस राज्य मुख्यमंत्र्याशिवाय राहिलं असं मानायला काही आधार लागेल, आणि तो ९ जानेवारी छापणाऱ्या याद्या देत नाहीत. अशा याद्या बऱ्याचदा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात.

तरी छापण्याआधी खात्री करायचीच असेल तर जानेवारी १९५७ चं मध्य प्रदेश राजपत्र काढा, त्यातही असाधारण अंक आधी. नियुक्तीची अधिसूचना कधी प्रसिद्ध झाली आणि नियुक्ती कुठल्या तारखेपासून लागू, या दोन तारखा वेगळ्या असू शकतात. फलकावर दुसरी घ्यायची. इंदुरात ‘नई दुनिया’ दैनिकाचे त्या महिन्याचे अंक कुठे बांधून ठेवलेले मिळाले तर तेही चाळा. फक्त सकाळच्या अंकात आदल्या दिवसाची बातमी असते हे ध्यानात ठेवा, नाहीतर एक दिवस पुढे जातो.

दिवस मोजतानाही एकच पद्धत ठेवा. पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरले तर १ ते ३० जानेवारी ३० दिवस. त्याच हिशोबाने राजा नरेशचंद्र सिंहांचे १३ ते २५ मार्च १९६९ हे १३ दिवस होतात. कुठे १२ दिसले तर ती वजाबाकी आहे, चूक नाही. पण एका फलकावर एक पद्धत आणि शेजारच्यावर दुसरी, असं मात्र नको.

आणि कमी दिवसांचे सगळे एका माळेत ओवू नका. नरेशचंद्र सिंह संविद (संयुक्त विधायक दल) सरकार कोसळताना आले. सुंदरलाल पटवांची पहिली कारकीर्द (२० जानेवारी ते १७ फेब्रुवारी १९८०) राष्ट्रपती राजवटीने संपली. अर्जुनसिंहांनी ११ मार्च १९८५ ला शपथ घेतली आणि लगेच त्यांना पंजाबचे राज्यपाल म्हणून पाठवलं, १३ मार्चला मोतीलाल व्होरा आले. यांतलं कोणीही हंगामी नव्हतं. हंगामी एकटे मंडलोई, तेही फक्त १९५७ मध्ये.

निमाडी

फलकाचे शंभर शब्द त्या तीस दिवसांवर खर्च करू नका. माणूस त्याहून मोठा आहे.

नाव पूर्ण द्या : भगवंतराव अण्णाभाऊ मंडलोई. खंडव्याचे वकील. मध्य प्रांत-वऱ्हाडकडून संविधान सभेत होते. त्याच गटात पंजाबराव देशमुख, हरि विष्णू कामत, दादा धर्माधिकारी होते, मराठी वाचकाला ही ओळख लगेच पटेल. पुढे शुक्लांच्या मंत्रिमंडळात मंत्री. १९७० साली पद्मभूषण.

३१ जानेवारीला कैलासनाथ काटजू का आले, तेही एका ओळीत हवं. नव्या राज्यात चार तुकडे जोडलेले : महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ. मध्य भारताचे तखतमल जैन, विंध्यचे शंभूनाथ शुक्ल, भोपाळचे शंकरदयाळ शर्मा, हे शेवटचे तिन्ही मुख्यमंत्री राजकारणात होतेच. निवडणूक तोंडावर. अशा वेळी दिल्लीहून संरक्षणमंत्री काटजूंना पाठवलं गेलं. जन्म जावऱ्याचा, म्हणजे माळव्याचे, पण या चार तुकड्यांतल्या कुठल्याच गटाचे नव्हेत. ते लोकसभेत होते, आमदार नव्हते, म्हणून आमदार होण्यासाठी त्यांना सहा महिन्यांची मुदत लागू होती. मंडलोईंनी खुर्ची रिकामी करून दिली आणि त्यावर तंटा केला नाही, हे माझ्या मते नोंदवण्याजोगं आहे.

खरी परीक्षा १९६२ ची. काटजू जावऱ्यात जनसंघाच्या लक्ष्मीनारायण पांडेंकडून हरले आणि काँग्रेस २८८ पैकी १४२ वर आली. बहुमताला १४५ लागतात. १९५७ ला हाच आकडा २३२ होता. असं सरकार १२ मार्च १९६२ पासून २९ सप्टेंबर १९६३ पर्यंत मंडलोईंनी चालवलं. दोन्ही टोकं धरून ५६७ दिवस. ते गेले कामराज योजनेत, म्हणजे ज्येष्ठ काँग्रेस नेत्यांनी सरकारी पदं सोडून पक्षाचं काम करायचं त्या योजनेत. मद्रासचे कामराज, ओरिसाचे बिजू पटनायक, उत्तर प्रदेशचे चंद्रभानू गुप्त, बिहारचे विनोदानंद झा, काश्मीरचे बक्षी गुलाम मोहम्मद आणि आपले मंडलोई, असे सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. ३० सप्टेंबरला द्वारकाप्रसाद मिश्र.

वेगळा फलक नको. माणूस एक, फलक एक, कारकिर्दी दोन. त्यामुळे मिश्र चौथे ठरतात, पाचवे नव्हे. काटजूंच्या बाबतीतही याद्या १४ एप्रिल १९५७ ला रेघ मारून १५ एप्रिलपासून दुसरी ओळ देतात, ती निवडणुकीनंतरच्या शपथेची. तिथेही क्रमांक वाढवायचा नाही.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. ‘काळजीवाहू’ काढलं. ओळ अशी केली : “राज्याचे दुसरे मुख्यमंत्री. जानेवारी १९५७ (हंगामी). १२ मार्च १९६२ ते २९ सप्टेंबर १९६३.” राजपत्र हाती आलं की पहिल्या कारकिर्दीत तारीख भरू, तेवढी जागा सोडलीय. आडनावाखाली ‘इंदूरचे जमीनदार घराणे’ अशी एक ओळ मसुद्यात आहे, ती चालेल?

निमाडी

ती आधी खोडा. मंडलोई हा परगण्याचा वतनी हुद्दा, आपल्याकडच्या देशमुखासारखा. माळवा-निमाडात ते आडनाव अनेक घराण्यांत आहे. इंदूरचे राव नंदलाल मंडलोई वेगळे, हे खंडव्याचे. फोटो मागवतानाही नावापुढे ‘खंडवा’ लिहूनच मागवा.