पाडव्याच्या सुट्टीत मुरूड ते हर्णै : जंगलजेटी, भरती-ओहोटी आणि मुक्कामांचा क्रम

कोथरूडकर७
गुढीपाडव्याला जोडून चार दिवस मोकळे आहेत. पुण्याहून स्वतःची गाडी (सेडान), आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आईवडील. जंजिरा, हरिहरेश्वर, वेळासची कासवं आणि सुवर्णदुर्ग करायचं आहे. खाड्या जंगलजेटीने (गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीने) ओलांडायच्या, महामार्ग शक्यतो नको. क्रम कसा ठेवावा? जेटीवर सेडान खाली घासते असं ऐकलं, ते खरं का? आणि दाभोळ-धोपावे ही जेटीफेरीही यात बसेल का?

खाडीपल्याड
आधी तिथी बघा, मग हॉटेल. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हिशेब सोपा आहे: तिथीच्या पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. भरती दुपारी सव्वादोनला आणि तशीच पहाटेही. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण आखणीला पुरतं.

पाडवा म्हणजे प्रतिपदा, म्हणून तुमचे चार दिवस असे पडतात: भरती पावणेएक, दीड, सव्वादोन, तीन. ओहोटी रोज सकाळी सात ते सव्वानऊच्या दरम्यान. अमावास्या नुकतीच उलटलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी भरपूर चढणार आणि भरपूर उतरणार. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

सेडान घासते ती ओहोटीला. पाणी उतरलं की बोट खाली जाते, रॅम्प आणि धक्क्याचा उतार यांच्यात कोन तयार होतो आणि पुढचा बंपर नाहीतर पोट टेकतं. भरतीच्या आगेमागे दोन तासांत तोच रॅम्प जवळपास सपाट असतो. म्हणून जेटी सकाळी नऊला न गाठता अकरा ते तीनमध्ये गाठा. रॅम्पवर तिरकं न जाता सरळ, पहिल्या गिअरमध्ये, न थांबता चढा. आईवडिलांना आधी उतरवून चालत बोटीवर न्या, गाडी तेवढीच उचलली जाते. काही बोटींना एकाच टोकाला रॅम्प असतो, तिथे एका बाजूला रिव्हर्स करावं लागतं. खलाशी हात दाखवतो, त्याच्याकडे बघून चाक फिरवा, कॅमेऱ्यावर विसंबू नका. धक्क्याच्या खालच्या भागावर हिरवं शेवाळ असतं, तिथे ब्रेक दाबला की गाडी घसरते. बोटीवर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही.

हरेश्वरकर
वरच्या हिशेबावर क्रम लावते.

पाडव्याला पहाटे पाचच्या आत निघा. चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, मग इंदापूर-तळामार्गे मुरूड. (हे रायगडातलं इंदापूर, सोलापूर रस्त्यावरचं नव्हे.) राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा सकाळीच करा. चैत्रात दुपारनंतर वारा वाढतो, होडी हलते आणि दरवाज्याच्या पायऱ्यांवर उतरणं ज्येष्ठांना जड जातं. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना नाही. होडीवाला हात देईपर्यंत कुणीही उठू नये. मग आगरदांड्याहून जेटीने दिघी, वाटेत दिवेआगर आणि मुक्काम थेट हरिहरेश्वरला.

हा मुक्काम बदलू नका. देवळामागची प्रदक्षिणा फक्त ओहोटीला करायची आणि द्वितीयेला ती पावणेआठच्या सुमारास आहे. सातला पायऱ्या उतरा, साडेआठपर्यंत वर या. त्या खडकांवर माणसं वाहून गेलेली आहेत. समुद्र शांत दिसतो आणि एखादी लाट अचानक वर चढते. आईवडिलांनी देवळातच थांबावं, उतरण खूप उभी आहे. निवांत घावणे-चटणी खाऊन अकराच्या पुढे बागमांडल्याला जा, जेटीने पलीकडे वेसवी. तिथून वेळास जवळच.

मॅपवर सांभाळा. दिवेआगरजवळही एक वेळास आहे, कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यातलं. मुरूडही दोन, एक जंजिऱ्याचं आणि एक दापोलीचं. बुकिंग करताना तालुका विचारून घ्या.

वाळूतली_पावलं
वेळासबद्दल. ऑलिव्ह रिडले मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालते, पिल्लं बाहेर यायला पन्नासएक दिवस लागतात. त्यामुळे पाडव्याचा काळ उत्तम. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे संवर्धन सुरू केलं, आज गाव आणि वनखातं मिळून ते सांभाळतात. पिल्लं सोडतात सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ आणि तिसऱ्याची सकाळ, अशा दोन संधी घ्याच. एकाच फेरीवर भिस्त ठेवली तर मुलगी हिरमुसून परतेल, कारण घरटं कधी उघडेल ते वाळूच ठरवते. जाळीच्या कुंपणात प्रत्येक घरट्यावर टोपली असते. ती उचलल्यावर वाळू मध्येच खचून वाटीएवढा खळगा दिसला, की पिल्लं वर येत आहेत असं समजायचं. फ्लॅश नाही, हात लावणं नाही, दोरीपलीकडे पाऊल नाही. मुलीला हे आधीच नीट समजावून ठेवा. पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात, मोबाइलच्या टॉर्चने वाट चुकतात.

राहणं गावातल्या घरांत, जेवण घरगुती आणि शाकाहारी. माणसं किती ते आदल्या दिवशी कळवा.

खाडीपल्याड
तिसऱ्या दिवशी बाणकोट, केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मुक्काम हर्णै. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघा. सुवर्णदुर्ग चौथ्या दिवशी सकाळी, वारा उठायच्या आत. किल्ल्यावर धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. पायात घट्ट पट्ट्याच्या सँडल, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. आईवडिलांना हर्णैच्या किनाऱ्यावरून किल्ला छान दिसतो, त्यांना होडीत नेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

दाभोळ-धोपावे या वेळी सोडा. ती फेरी घेतली तर गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, उंब्रज असं परतावं लागतं, त्यासाठी पाचवा दिवस हवा. हर्णैहून दापोली, खेड, महाड, माणगाव करून ताम्हिणीने या. अकराच्या आत निघा, म्हणजे घाट उजेडात पार होईल.

कोथरूडकर७
बुकिंग याच क्रमाने करतो. जेटीचं तिकीट आधी काढावं लागतं का?

हरेश्वरकर
नाही, धक्क्यावरच मिळतं. गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. रेंज जाते म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. आदल्या संध्याकाळी घरमालकाकडून शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्या आणि श्रीवर्धनला टाकी भरा.