चिंचेने लख्ख केलेली शिवराई: वाचवली की घालवली?

बाराबंदी:
जुन्या नाण्यांच्या ग्रुपवर हल्ली एकच खेळ चाललेला असतो. डावीकडच्या फोटोत काळी-हिरवी शिवराई (मराठा काळातलं तांब्याचं नाणं), उजवीकडच्या फोटोत तीच शिवराई गुलाबी आणि लखलखीत. खाली पन्नास जण हात जोडतात आणि विचारतात, "दादा, कशाने केली?" उत्तर ठरलेलं. चिंच, लिंबू-मीठ, नाहीतर भांडी घासायची पावडर.

माझं मत स्पष्ट आहे. हे बंद व्हायला हवं. तो हिरवा-तपकिरी थर म्हणजे वरून बसलेला मळ नव्हे. नाण्याचंच तांबं हवा, ओल आणि मातीतल्या क्षारांमुळे बदलून तो तयार झालेला असतो. खाली लालसर क्युप्राइट (तांब्याचं ऑक्साइड), त्यावर हिरवं मॅलाकाइट (तांब्याचं कार्बोनेट). ठशाने उमटलेला मूळ पृष्ठभाग पुष्कळदा या थरातच शिल्लक असतो, खालच्या धातूत नाही. आम्लाने थर विरघळला की त्याच्याबरोबर अक्षरही जातं.

शिवराईचं तर विशेषच. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. शिवकाळात सुरू झालेला हाच मजकूर पेशवाईतही चालू राहिला. मग नाणं कुठल्या काळातलं हे ओळखायचं कशावरून? वजन, काठाचं ठिपक्यांचं कडं आणि लेखनातले बारकावे: शिव की सिव, पति की पती, अक्षराचं वळण कसं आहे. चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवलेल्या नाण्याची सगळ्यात आधी वेलांटी जाते, आणि वजनही थोडं उतरतं. म्हणजे ओळखीच्या खुणाच आपण धुऊन टाकतो.

माजघर:
आमच्या देवघरात टाकांच्या शेजारी एक शिवराई आहे. दसऱ्याला टाक घासले की तीही चिंचेने घासली जाते. सासूबाई तेच करायच्या, त्यांच्या सासूबाईही. तुमच्या लेखी ते नाणं, आमच्या लेखी देव. देव काळा ठेवायचा का? आणि थर नाण्याचाच भाग म्हणता, तर पिढ्यान्‌पिढ्या लागलेलं हळदकुंकूही आमच्या नाण्याचाच भाग आहे. त्याची दखल कुठल्या कॅटलॉगात घेतलेली दिसत नाही.

बाराबंदी:
ताई, देवातल्या शिवराईवर माझा काही आक्षेप नाही. ती तुमच्याकडे वापरात आहे. फक्त दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढा आणि वजन लिहून ठेवा, सोनाराकडे एका मिनिटात होईल. माझा राग विकण्यासाठी आणि लाइकसाठी घासणाऱ्यांवर आहे.

कृष्णाकाठ:
धागाकर्ते सरसकट बोलतायत. नदीच्या वाळूतून निघालेलं नाणं कधी हातात घेतलंय का? दोन्ही बाजूंना गोटा झालेला असतो. साफ केल्याशिवाय ती शिवराई आहे, बहमनी फलूस (सुलतानांचं तांब्याचं नाणं) आहे की कुठला वॉशर, हेच कळत नाही. न वाचता आलेलं नाणं डबीत जपून कुणाचं भलं होणार?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनकार्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून हेच काम करते. तिथे साफसफाई होतच नाही असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. होते, पण भिंगाखाली, कणाकणाने आणि नोंदी ठेवून. घरीसुद्धा हे जमतं. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मग भिंगाखाली बाभळीच्या काट्याने किंवा लाकडी टूथपिकने माती सोडवा. काटा तांब्यापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. लागतो तो वेळ, आणि तोच द्यायची कुणाची तयारी नसते.

शिवाय "हात लावू नका" हा मंत्र जपणारे काही विक्रेते घासलेल्या नाण्याला गंधकाचं रसायन नाहीतर बुटाचं पॉलिश लावून 'मूळ रंग' म्हणून खपवतात. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

रविवारचा बाजार:
मी विकतो, म्हणून बोलतो. पाटावर दोन शिवराया ठेवा, एक काळी आणि एक लख्ख. दहातली आठ गिऱ्हाइकं लख्ख उचलतात आणि वर "खरी आहे ना?" म्हणून विचारतात. खरी होती ती काळी. शिव्या मात्र आम्हाला.

सोड्याखार:
रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

लिंबू आणि चिंचेतली आम्लं धातू उघडा पाडतात हे वर आलंच आहे. त्याहून वाईट गोष्ट लिंबाबरोबरचं मीठ. मिठातलं क्लोराइड नाण्याच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं आणि वरवर धुऊन निघत नाही. तिथे तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड होतं. हवेत ओलावा आला की त्यापासून फिकट हिरवी भुकटी होते आणि सोबत आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं आणि चक्र पुढे चालू राहतं. यालाच 'ब्राँझचा रोग' म्हणतात. नाव ब्राँझचं असलं तरी निव्वळ तांब्यालाही तो होतो. हवेतली आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या वर गेली की वेग वाढतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर काय अवस्था असते ते तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीत लख्ख केलेलं नाणं श्रावणात हिरवी पूड गाळायला लागतं, त्याचं कारण हे.

म्हणून "हिरवं दिसतंय, राहू द्या" हेही सरसकट चालणार नाही. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर हात लावू नका. पण फिकट, पोपटी, नखाने भुकटी निघणारे ठिपके दिसले तर ते नाणं आधी इतरांपासून वेगळं करा आणि कोरडं ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो. इथे काही न करणं म्हणजे नाणं मरू देणं.

बाराबंदी:
भुकटीबद्दल मान्य. पण मी बोलत होतो ते निरोगी नाण्यांबद्दल, आणि ग्रुपवर घासली जातात ती बहुतेक तीच.

कृष्णाकाठ:
सर, खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा मिसळून केलेल्या पाण्यात ठेवलं तर क्लोराइड निघतं ना?

सोड्याखार:
निघतं, पण सावकाश. पाणी बदलत आठवडे, कधी महिनेही जातात, आणि एवढ्या काळात तो द्राव मूळ हिरव्या थरालाही थोडा खातो, रंग बदलतो. त्यामुळे जतनतज्ज्ञांमध्येही यावर एकमत नाही. बेंझोट्रायझोल हे तांब्याचं गंजणं रोखणारं रसायन हा दुसरा मार्ग, त्यावर मग अ‍ॅक्रिलिक किंवा मेणाचा पातळ लेप देतात. पण ते विषारी आहे. स्वयंपाकघरात करू नका. हातमोजे आणि खेळती हवा नसेल तर विचारही नको.

भन्नाटभाऊ:
एवढा अभ्यास कशाला? जुना मोबाइल चार्जर, मिठाचं पाणी, स्टीलचा चमचा. दहा मिनिटांत नाणं नवंकोरं. मी सगळी अशीच करतो.

सोड्याखार:
मिठाच्या पाण्यात वीज सोडली की क्लोरीन वायू निघू शकतो. स्टेनलेस स्टीलचा चमचा ॲनोड केला, म्हणजे चार्जरच्या धन टोकाला जोडला, तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. राहिलं नाणं. क्षरलेला थर एका झटक्यात सुटतो आणि त्यावर टिकून राहिलेली अक्षरंही. चमचा परत आमटीत घालू नका म्हणजे झालं.

गोदेकाठी:
शिवराईच्या पलीकडचं एक उदाहरण. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. वर सातवाहनांची तीन कमानींची टेकडी, दुसरीकडे उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं) आणि त्यांच्या खालून डोकावणारा नहपानाचा अर्धवट चेहरा. एका राजाने दुसऱ्याला हरवल्याचा याहून थेट पुरावा दुसरा कुठला? ते दुहेरी उठाव अगदी पुसट असतात. चांदीच्या पॉलिशने जोरात चोळलं तर तो खालचा चेहराच आधी जाणार. अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेचं संग्रहालय पाहून या, मग ब्रश उचला.

आणि सातवाहनांची शिशाची नाणी असतील तर व्हिनेगर, लिंबू, चिंच काहीच नको. शिसं सेंद्रिय आम्लात विरघळतं आणि हाताला लागतं ते विष. लाकडी कपाटातली आणि पुठ्ठ्याच्या डब्यातली आम्लाची वाफसुद्धा त्यावर पांढरी पूड आणते. पीव्हीसीचे मऊ पाकीटवाले अल्बमही फेका. तांब्याच्या नाण्यांवर त्यांचा हिरवा चिकटा येतो.

कृष्णाकाठ:
म्हणजे साफ न करताही, नुसतं चुकीचं ठेवून नाणं मारता येतं. मी तेच म्हणतोय, न घासणं हे काही पुण्यकर्म नाही.

वकीलसाहेब:
विषयांतर, पण लिहितोच. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शेतात नांगराला लागलेला गाडगाभर ऐवज घरी आणून चिंचेत बुडवण्याआधी एवढं आठवा.

माजघर:
सगळं वाचलं. आता एकच विचारते, मीठ न घालता नुसत्या चिंचेने चालेल का?

सोड्याखार:
ताई, मीठ टाळलंत तर क्लोराइडचा धोका बराच टळतो. धातू थोडा जातच राहणार. घासल्यावर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, ओली देव्हाऱ्यात ठेवू नका. नुसत्या मऊ कापडाने पुसता आली तर सगळ्यात चांगलं.

बाराबंदी:
चिंचेला परवानगी देऊन टाकलीत, सर. मला पटलेलं नाही.